आल्गोत फोर्सेनची कमी धक्क्याची रायफल

एप्रिलात, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडायला लागला होता तेव्हा आल्गोतचा फोन आला.

"आनेली, शनिवारी मोकळी आहेस? ओस्टर्सुंदला जायचंय. रायफल बघायची आहे."

"तुझ्याकडे दोन आहेत की."

"त्या नकोत आता," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

फोनवर आल्गोत एवढंच बोलायचा. समोरासमोरही फार बोलायचा असं नाही. छत्तीस वर्षं त्यानं रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवली होती. पहाटे तीनला एकटाच निघायचा आणि आम्ही उठायच्या आत आमचे रस्ते मोकळे करून ठेवायचा. त्या कामात बोलायची सवय लागत नाही. एकाहत्तरीला आला होता. आमच्या शिकारीच्या गटात आम्ही अकरा जण, आणि त्यातल्या सहा जणांना नेम धरायला त्यानंच शिकवलं होतं. मी त्यातली एक. गटाचा म्होरक्या रुने, तो दुसरा.

आमच्याकडे सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला की गावात काम करणारं माणूस सापडत नाही. सगळे रानात असतात. मूस म्हणजे घोड्यापेक्षा उंच हरीण, चांगला वाढलेला नर पाचशे किलोच्या आसपास भरतो. त्याच्या मटणावर घरोघरी वर्षभर जेवण होतं. आल्गोत या शिकारीला सतराव्या वर्षापासून जात होता आणि एकही वर्ष चुकलं नव्हतं.

मग आदल्या वर्षी फेब्रुवारीत गोठ्याच्या छपरावरचा बर्फ खाली ओढताना तो बर्फासकट घसरला. उजवा खांदा तीन ठिकाणी मोडला. पोलादी पट्टी, सात स्क्रू. डॉक्टरनं सांगितलं, वजन उचलायचं नाही आणि खांद्याला दणके द्यायचे नाहीत. आल्गोतनं मान डोलावली, आणि सप्टेंबरात आपली जुनी, मोठ्या काडतुसाची, गाढवासारखी लाथ मारणारी रायफल घेऊन नेहमीच्या जागेवर जाऊन बसला. त्याला अडवायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

त्या सप्टेंबरात शिकारीच्या तिसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या जागेवर होते, मधे दलदलीचा एक पट्टा. एक गोळी ऐकू आली. मग वायरलेसवर त्याचा आवाज.

"मादी. लागली. गेली."

गोळी लागून जनावर पळून गेलं म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना कळतं. रुनेनं आपली टूवा कुत्री आणली. तिला शेवाळावर रक्ताचे थेंब सापडले आणि दाढा असलेला हाडाचा एक तुकडा. गोळी जबड्याला लागली होती. जबडा फुटलेलं जनावर लगेच मरत नाही. त्याला खाता येत नाही, एवढंच.

दोन दिवस आम्ही तिच्या मागावर होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी रुनेला ती तळ्याच्या काठाशी पाण्यात उभी दिसली, जबडा लोंबत होता, आणि काठावर तिचं वासरू. रुनेनं तिला संपवलं. आल्गोत तोवर तिथं पोचला होता. मादी बाहेर ओढायला तो गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरला, मोडका खांदा घेऊन, आणि कुणाचं ऐकेना.

हिवाळाभर त्यानं तो विषय काढला नाही. एकदाच, दुकानात दुधाच्या कपाटासमोर उभे असताना मला म्हणाला, "खांद्यानं दगा दिला." मी म्हटलं, "होय." मला तेव्हा तेच खरं वाटत होतं.

म्हणून आम्ही शहरात, ओस्टर्सुंदला गेलो.

तिथल्या दुकानदाराचं नाव तागे. एका कानात ऐकायचं यंत्र, तेही शिट्टी वाजवणारं. माझ्याकडे बघून म्हणाला, "आनेलीसाठी घ्यायची का?"

"माझ्यासाठी," आल्गोत म्हणाला. "धक्का कमी पाहिजे. बायकांची म्हण, पोरांची म्हण, तुला काय म्हणायचं ते म्हणून घे."

"मी कशाला म्हणू? धिप्पाड गडी येतात इथं हल्ली, हेच मागतात. फक्त खालच्या आवाजात मागतात." त्यानं काउंटरवर कापड अंथरलं. "साडेसहा मिलिमीटरची घे. आपल्या आजोबांनी तिच्यावरच मूस मारले. गोळी लांब, सरळ जाते, आत शिरते. मूसला ती कमी पडत नाही, नेम नीट असला की."

"नेम नीट असला की," आल्गोत म्हणाला.

तागेनं पहिली काढली ती इतकी हलकी की मी एका हातानं पेलली. आल्गोतनं ती उचलून लगेच परत ठेवली. "ही डोंगरावर वागवायला बरी. पण सगळा दणका मलाच देईल."

"बरोबर बोललास. लोकांना वाटतं धक्का काडतुसात असतो. अर्धा दस्त्यात असतो आणि उरलेला वजनात." त्यानं दुसरी दिली. ती आल्गोतला लांब पडली. खांद्याला लावताना दस्ता काखेत अडकत होता. आणि शिकारीला तर वर जाड कोट असतो.

तिसरी वापरलेली होती. अक्रोडाच्या लाकडाची, जाड नळीची, पुढे सायलेन्सर, दस्त्याला मऊ रबराची टाच. कुणी तरी दस्ता बोटभर कापून आखूड केला होता. तागे म्हणाला, "डोळे मिट. खांद्याला लाव. आता उघड."

आल्गोतनं डोळे उघडले. रायफलवरची दुर्बीण बरोबर डोळ्यासमोर होती, मान हलवावी लागली नाही. त्यानं परत तसंच केलं. एकूण तीन वेळा. तिसऱ्या वेळी रायफल खाली घेताना त्याच्या तोंडावर जे आलं ते मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"अंगाला बसली," तागे म्हणाला.

येताना पेट्रोल पंपावर आम्ही सॉसेज आणि बटाट्याचा लगदा खाल्ला. आल्गोतनं दोन प्लेटा खाल्ल्या. गाडीत शीळ घालत होता. घरी पोचल्यावर त्याच्या बायकोनं, बेरितनं, मला विचारलं, "काय झालं याला? हसतोय." मी सांगितलं, "रायफल मिळाली." ती म्हणाली, "बरं झालं बाई. हिवाळाभर मी भिंतीशी बोलत होते."

पोलिसांचा परवाना यायला जून उजाडला. परवाना हातात पडला त्याच संध्याकाळी आम्ही गावच्या चांदमारीवर गेलो. जूनमध्ये आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे लख्ख उजेड असतो. बेरितनं पातळ भाकरीत धुरावलेलं रेनडियरचं मटण गुंडाळून दिलं होतं.

रायफल पारखायची पद्धत सोपी आहे. बाकावर बसायचं, नळीखाली वाळूची पिशवी घ्यायची, ऐंशी मीटरवर तीन गोळ्या झाडायच्या. तीनही काडेपेटीखाली झाकल्या गेल्या तर रायफल चांगली.

आल्गोतनं तीन झाडल्या. मी लांबचं बघायची दुर्बीण लावली. भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरली होती.

"खांदा दुखला?"

"छे. कुणी तरी पाठीवर थाप मारल्यासारखं. आवाजही नाही." तो खूश होता. मग त्यानं स्वतः कागद बघितला. "रायफलवरची दुर्बीण सैल असणार."

स्क्रू तपासले. घट्ट होते. त्यानं आणखी तीन झाडल्या. तेच ताट, जरा डावीकडे सरकलेलं.

"तू झाड," तो म्हणाला.

मला झाडायची नव्हती. पण तो उठून बाजूला उभा राहिला. मी बसले, तीन झाडल्या. तीनही काडेपेटीखाली गेल्या असत्या, आणि वर काडेपेटी उरली असती. त्यानं कागद पाहिला. मग म्हणाला, "मला या गोळ्या मानवत नसतील. दुसऱ्या आणू."

आम्ही दुसऱ्या आणल्या. हलक्या आणल्या, जड आणल्या. रबराची टाच बदलली. वाळूची पिशवी बदलली. एकदा सायलेन्सर काढून पाहिला, परत लावला. सहा संध्याकाळी गेल्या. रायफलमध्ये काही दोष नव्हता, ते पहिल्याच दिवशी सिद्ध झालं होतं, आणि आम्ही दोघंही तिच्यातच दोष शोधत होतो.

सातव्या संध्याकाळी मी खिशात खोटी काडतुसं घेऊन गेले. दिसायला खऱ्यासारखी, आत दारू नाही. मी एकोणीस वर्षांची असताना त्यानंच माझ्यावर हा प्रयोग केला होता. शिकवणारा काडतूस भरतो, झाडणाऱ्याला आत खरं आहे की खोटं ते कळत नाही. खोटं असलं आणि तरी नळी हलली, तर माणूस धक्का बसायच्या आधीच दचकतोय. तेव्हा माझी नळी हातभर हलली होती आणि मी रडले होते. त्यानं मला आठवडाभर रोज बसवून ती दचक घालवली होती.

"आज मी भरते," मी म्हटलं. "तू समोर बघ."

त्यानं माझ्या खिशाकडे पाहिलं. त्याला समजलं. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. "भर," तो म्हणाला.

पहिलं खरं भरलं. दुसरं खोटं. त्यानं श्वास सोडला, चाप ओढला, टक् असा बारीक आवाज झाला आणि नळी चार बोटं खाली, डावीकडे गेली. डोळे गच्च मिटलेले होते. पूर्ण तोंड आवळलं होतं, लहान मुलाला सुई टोचताना होतं तसं.

त्यानं रायफलवरून मान न काढता बोल्ट उघडला.

"परत," तो म्हणाला.

मी परत खोटं भरलं. परत तेच. पाच वेळा मी खोटं भरलं आणि पाचही वेळा नळी खाली गेली. शेवटच्या दोन वेळा तर मी ते त्याच्या डोळ्यांदेखत भरलं.

"आत काही नाही हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "तरीही."

"जाईल रे. माझी गेली होती."

"तू एकोणीसची होतीस." त्यानं बोल्ट उघडला, खोटं काडतूस काढून माझ्या हातावर ठेवलं. "आनेली, त्या दिवशी दलदलीपाशी खांदा दुखला नव्हता. मी आधीच डोळे मिटले होते. गोळी कुठं गेली ते मी पाहिलंच नाही."

"पडलास त्यानंतर लागली असेल ही सवय."

"असेल. त्याआधीही असेल. मला कसं कळणार? डोळे मिटलेला माणूस काय बघणार?"

बेरितनं दिलेली भाकरी आम्ही त्या दिवशी खाल्लीच नाही. तशीच परत नेली.

जुलैभर तो स्वयंपाकघरात सराव करत होता. रिकामी रायफल, नळीवर एक नाणं ठेवायचं, चाप ओढायचा, नाणं पडता कामा नये. बेरित मला सांगायची. "पहिल्यांदा मी टेबलावर जाजम टाकलं, आवाज नको म्हणून. मग जमिनीवरही टाकलं. तरी कळतंच गं मला. मी पलीकडच्या खोलीत रेडिओ मोठा करून बसते." छोट्या बंदुकीवरही त्यानं प्रयत्न केला, जिचा धक्का मुळात नसतोच. तिथंही नळी जायची. एकदा सलग नऊ वेळा नाणं पडलं नाही म्हणून त्यानं मला फोन केला. मी धावत गेले. माझ्यासमोर पहिल्याच वेळी पडलं. "तू आलीस म्हणून," तो म्हणाला, आणि नंतर, "नाही, तसं नाही." त्यानं मला कॉफी दिली, त्यात आमच्याकडे घालतात तसे चीजचे तुकडे घातले, आणि आम्ही यंदाच्या तांबड्या बेरींबद्दल बोललो.

ऑगस्टात गटाची चाचणी असते. रुळावर लाकडी मूस डावीकडून उजवीकडे पळतो, चार गोळ्या झाडायच्या, चारही छातीत पाहिजेत. त्याशिवाय कुणी रानात येत नाही. हा नियम वीस वर्षांपूर्वी आल्गोतनंच करायला लावला होता.

त्याची एक छातीत लागली. एक पायाला. दोन फळीलाच लागल्या नाहीत.

रुने फळीपाशी गेला, बराच वेळ पाठमोरा उभा राहिला, परत येऊन वहीत त्याच्या नावापुढे पास लिहिलं. "ठीक आहे," म्हणाला. "पुढचं कोण?"

मी रुनेला गाडीपाशी गाठलं. "काय केलंस तू हे?"

"काय करू? तू सांग जा त्याला."

"म्होरक्या तू आहेस."

"आणि तुला शिकवलंय त्यानं. मलाही. सांग जा की." त्यानं ओठाखाली तंबाखूची पुडी सरकवली आणि काच वर केली.

मी सांगितलं नाही.

सप्टेंबरात रुनेनं आल्गोतला उत्तरेच्या दलदलीवर बसवलं. तिथं दहा वर्षांत जनावर आलं नव्हतं. सगळ्यांना समजलं की का. आल्गोत तिकडे चालत गेला, पाठीवर नवी रायफल.

दुसऱ्या दिवशी टूवानं एक नर उठवला आणि तो नेमका उत्तरेला वळला. वायरलेसवर आम्ही ऐकत होतो. टूवाचं भुंकणं दलदलीच्या दिशेनं गेलं, तिथं थांबलं, परत सुरू झालं आणि पलीकडे निघून गेलं. गोळी वाजली नाही.

"आल्गोत, काही दिसलं?" रुनेनं विचारलं.

"नाही."

मी सगळ्यांत जवळ होते म्हणून मला बघून यायला सांगितलं. आल्गोत बुंध्यावर बसला होता, रायफल मांडीवर. त्याच्यापासून वीस पावलांवर शेवाळात ठसे होते, ताटलीएवढे, त्यांत अजून पाणी झिरपत होतं.

"बोल्ट उघडून बघ," तो म्हणाला.

मी उघडला. आत काही नव्हतं. काडतुसं त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात होती, वर बटण लावलेलं.

"सकाळपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग येतोस कशाला, आल्गोत?"

"घरी बसून काय करू?" तो ठशांकडे बघत होता. "मिनिटभर उभा होता. म्हातारा होता, एक शिंग मोडलेलं. बाजू पूर्ण माझ्याकडे. तू असतीस तर पडला असता."

मी वायरलेसवर सांगितलं की ठसे लांबून गेलेत, त्याला दिसणं शक्य नव्हतं. त्याच्यासमोरच सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी जनावरं सोलायच्या शेडमध्ये, सगळे चाकू धूत असताना, तो रुनेला म्हणाला, "मी उद्यापासून येत नाही. आणि आनेली खोटं बोलली. वीस पावलांवर होता. माझ्या रायफलीत काडतूस नव्हतं."

पाण्याचा नळ चालू होता.

"टूवाबरोबर चाल की," रुने म्हणाला. "कुत्र्याला माणूस लागतोच."

"टूवा तुझी आहे. आणि माझे गुडघे दलदलीत टिकत नाहीत." त्यानं नळाखाली हात धरले. आम्हा दहा जणांपैकी कुणी तरी त्याला आग्रह करील अशी मी वाट बघितली. कदाचित त्यानंही बघितली असेल. मग तो हात पुसून गेला.

रायफल तागेनं परत घेतली. बाकीच्या दोन्ही आल्गोतनं देऊन टाकल्या, तीनही परवाने पोलिसांकडे पाठवून दिले. तागेनं फोन करून मला विचारलं, "तिच्यात काही खोट निघाली का?" मी म्हटलं, "काहीच नाही." "मग?" मी त्याला सांगितलं की आल्गोतचं वय झालं. दुसरं काय सांगणार होते.

मटणाचा वाटा त्याच्या घरी जातो, कारण जंगलाचा एक तुकडा त्याच्या नावावर आहे आणि तो त्याचा हक्क आहे. मीच नेऊन देते. बेरित खाली फ्रीजरमध्ये ठेवते. ती म्हणते, तो खात नाही. ती स्वतःपुरतं रांधते, त्याला मासे करते. "विचारत नाही मी काही," ती म्हणते. "विचारून काय होणार?"

मागच्या ऑगस्टात तिनं मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचं घर चांदमारीपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे, गोळ्या सगळ्या ऐकू जातात. चाचणीचे दिवस सुरू झाले की पहिली गोळी वाजताच आल्गोत गाडी काढतो. तिला वाटायचं दुकानात जातो. मग कुणी तरी सांगितलं की तो वरच्या फाट्यावर गाडी लावून, इंजिन चालू ठेवून आत बसलेला असतो, काचा बंद करून. गोळीबार संपायची वेळ झाली की परत येतो आणि विचारतो, जेवायला काय आहे.

तेव्हापासून मी माझी रायफल पारखायला चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या चांदमारीवर जाते. रुनेला सांगितलं की तिथला बाक बरा आहे. बाकीचे नऊ जण अजून इथंच झाडतात, त्यांना मी काही म्हटलेलं नाही. आल्गोतला माझ्या एकटीच्या न येण्यानं फरक पडत नसणार. तो अजूनही फाट्यावर जातोच.